पीजी करताना सरकारी शिष्यवृत्ती आणि राहण्याखाण्याचा भत्ता मिळवायचाय? मग ॲडमिशनच्या आधीपासूनच कामाला लागा

डिग्री झाली, आता एमए, एमएस्सी, एमबीए नाहीतर एमटेक करायचंय, पण घरून स्पष्ट सांगितलंय की आता फी आणि पुण्यामुंबईचा खर्च झेपणार नाही. अशी परिस्थिती असलेली खूप मुलंमुली दरवर्षी भेटतात आणि त्यातल्या निम्म्यांना तरी आपण कुठल्या योजनेत बसतो हेच माहीत नसतं. सिनियर सांगतो एक, सायबर कॅफेवाला सांगतो दुसरं आणि कॉलेजच्या खिडकीवर तिसरंच ऐकू येतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढतोय. हे महाराष्ट्रातल्या मुलांसाठी आहे आणि पूर्ण वाचा, कारण फॉर्म भरणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. तुम्ही पात्र ठरता की नाही हे बहुतेक वेळा फॉर्म उघडायच्या आधीच ठरून गेलेलं असतं, कागदांवरून आणि ॲडमिशन कसं घेतलं त्यावरून.

आधी बघा तुम्ही कुठे बसता

चार गोष्टी बघितल्या जातात. तुम्ही महाराष्ट्राचे रहिवासी आहात का, तुमचा प्रवर्ग कोणता, घरचं वर्षाचं उत्पन्न किती आणि ॲडमिशन कोणत्या मार्गाने झालंय. पहिल्या तीन सगळ्यांना माहीत असतात, फसतात ते चौथीत.

एमबीए, एमसीए, एमई, एमफार्म, एमएड अशा कोर्सना सीईटी सेलची (राज्याची प्रवेश परीक्षा घेणारं कार्यालय) कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची फेरी असते. कॅपमधून सीट मिळाली तर शिष्यवृत्तीचा रस्ता मोकळा, मॅनेजमेंट कोट्यातून किंवा कॉलेजने थेट भरलेल्या सीटवर गेलात तर बहुतेक योजना बंद. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला सीईटीला चांगले मार्क होते, दुसऱ्या राउंडला सीट मिळाली असती, पण घरच्यांना धीर निघेना, "सीट जाईल, आत्ताच घेऊन टाकू" म्हणत त्यांनी एका कॉलेजात डायरेक्ट ॲडमिशन घेतलं. उत्पन्न बसत होतं, प्रवर्ग बसत होता, सगळे दाखले तयार होते, तरी दोन्ही वर्षांची फी घरातूनच भरावी लागली. म्हणून कॅपच्या राउंड चालू असताना घाई करू नका आणि कुठलंही कॉलेज "इथे पण स्कॉलरशिप मिळते" म्हणालं तर ती सीट कॅपची आहे का हा एकच प्रश्न विचारा. अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठं यांच्या बाबतीत तर आणखी जपून, शाहू महाराज शुल्क योजनेतून (तिच्याबद्दल खाली लिहिलंय) ती वगळलेलीच आहेत.

साधं एमए, एमएस्सी, एमकॉम असेल तर तिथे विद्यापीठाची मेरिट लिस्ट असते, कॅपचा प्रश्न नाही, पण कोर्स मान्यताप्राप्त आणि महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या यादीत आहे का ते बघावंच लागतं.

अजून एक, एक पीजी झालंय आणि आता दुसरं करताय (मराठीत एमए झालं, आता इतिहासात एमए) तर मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणासाठीची) शिष्यवृत्ती पुन्हा मिळत नाही, एका पातळीचं शिक्षण झालं की त्याच पातळीला परत लाभ नाही असा नियम आहे. नवीन कोर्स घेण्याआधी याचा विचार करा.

कोणासाठी काय आहे

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. उत्पन्न मर्यादा अडीच लाख. यात शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क असतं आणि वर वर्षाचा भत्ता असतो, तो एमबीए एमटेक सारख्या व्यावसायिक पीजीला हॉस्टेलवर राहणाऱ्याला १३,५०० रुपये आणि घरून येजा करणाऱ्याला ७,००० रुपये, तर एमए एमकॉम सारख्या कोर्सला ६,००० आणि ३,००० रुपये. उत्पन्न अडीच लाखाच्या वर गेलं तरी लगेच निराश होऊ नका, फ्रीशिप म्हणून वेगळी योजना आहे, त्यात भत्ता नसतो पण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनाही अशाच दोन्ही योजना आहेत, फक्त त्या आदिवासी विकास विभागाकडे आहेत.

ओबीसी, भटके विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी पण शिष्यवृत्ती वेगळी आणि फी प्रतिपूर्ती वेगळी अशा दोन योजना आहेत आणि त्यांच्या उत्पन्न मर्यादा एकमेकींपासून वेगळ्या आहेत. इथे हमखास होणारा घोळ म्हणजे नॉन क्रीमीलेअर, म्हणजे प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला. मुलं म्हणतात नॉन क्रीमीलेअर आहे ना, मग उत्पन्नाचा दाखला कशाला? दोन्ही गोष्टी वेगळ्या. ओबीसीचं नॉन क्रीमीलेअर काढताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, शिष्यवृत्तीच्या उत्पन्नाच्या दाखल्यात सगळं धरतात. त्यामुळे नॉन क्रीमीलेअर हातात असूनही शिष्यवृत्तीत न बसणारी मुलं असतात आणि त्यांना ते शेवटी कळतं.

खुल्या प्रवर्गातल्या, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, उत्पन्न आठ लाखांपर्यंत. मुलांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काच्या ५० टक्के. आणि मुलींसाठी मोठी गोष्ट, ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सना ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. मात्र यात डेव्हलपमेंट फी, लायब्ररी, डिपॉझिट, हॉस्टेल, मेस येत नाही. "मुलींना सगळं फ्री" एवढंच ऐकून खिसा रिकामा ठेवून जाऊ नका. ॲडमिशनच्या दिवशी फीचा तक्ता मागून घ्या, त्यात शिक्षण शुल्क किती आणि बाकी किती ते वेगवेगळं लिहिलेलं असतं, बाकीची रक्कम आपल्याला भरायची असते.

आता राहण्याखाण्याचं. माझ्या मते पीजीला फीपेक्षा हाच खर्च माणसाला शिक्षण सोडायला लावतो, म्हणून याच्याकडे जास्त लक्ष द्या. एससी आणि नवबौद्ध मुलांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, एसटी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी, भटके विमुक्त आणि विशेष मागास मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. सरकारी वसतिगृहात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी ह्या आहेत. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूर सारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार मिळतात (जेवण ३२ हजार, राहणं २० हजार, निर्वाह ८ हजार), बाकीच्या महापालिकांच्या शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. शिवाय शैक्षणिक साहित्यासाठी वेगळी रक्कम असते. अटींमध्ये मुख्य म्हणजे उत्पन्न अडीच लाखांच्या आत, तुम्ही जिथे शिकताय त्याच शहराचे रहिवासी नसावं, कोर्स दोन वर्षांपेक्षा कमी नसावा, हजेरी ७५ टक्के. आधीच्या परीक्षेतल्या टक्क्यांचीही अट आहे, दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यात सवलत आहे.

हे नीट समजून घ्या: आधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज करायचा. जागा मिळाली तर उत्तम, राहणं जेवण दोन्ही सुटलं. नाही मिळाली तर स्वाधार. वसतिगृहाचा अर्जच न करता थेट स्वाधार मागायला गेलात तर अडकता. समाज कल्याणच्या वसतिगृहाचं आणि स्वाधारचं काम आता एचएमएएस पोर्टलवर होतं, महाडीबीटीवर नाही, हे पण लक्षात असू द्या, कारण बरेच जण महाडीबीटीवर स्वाधार शोधत बसतात आणि मुदत निघून जाते.

शाहू महाराज योजनेतल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. घरी सातबारा, अल्पभूधारक दाखला किंवा कामगार नोंदणी असेल तर ती जोडायला विसरू नका.

केंद्राचं पण बघा. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर यूजीसीची पीजीसाठी शिष्यवृत्ती आहे, महिना १५ हजार, वर्षाचे दहा महिने, दोन वर्ष. १० हजार जागा आहेत, ३० टक्के मुलींसाठी, वय ३० च्या आत, उत्पन्नाची अट नाही, पदवीच्या मार्कांवर निवड. पहिल्या वर्षाला असतानाच अर्ज करायचा असतो. चांगले मार्क असतील तर हे अजिबात सोडू नका, आपल्याकडे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना याचा पत्ताच नसतो. एमटेकला गेट ही प्रवेश परीक्षा क्वालिफाय होऊन गेलात तर एआयसीटीईचे (तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय परिषद) महिना १२,४०० रुपये २४ महिने मिळतात, कॉलेज एआयसीटीई मान्य हवं आणि बँक खातं एकट्याच्या नावाचं हवं, जॉइंट चालत नाही.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप पीएचडीच्या आहेत, पीजीला असताना त्यासाठी धावपळ नको.

कागदपत्रं, आणि इथे घाई नको

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. सेतूत किंवा आपले सरकार पोर्टलवरून अर्ज, सोबत आधार, रेशनकार्ड, स्वयंघोषणापत्र, तलाठ्याचा अहवाल. दाखल्यावर खाली मुदत लिहिलेली असते, ३१ मार्च अमुक पर्यंत वैध असं. ती ओळ वाचा. मागच्या वर्षीचा दाखला जोडून फॉर्म परत आलेली मुलं मी सर्वात जास्त बघितली आहेत. एप्रिल मे मध्ये काढून ठेवा, जून जुलैत सेतूबाहेर रांग लागते आणि तलाठी तात्या पेरणीच्या, पंचनाम्याच्या गडबडीत असतात, मग पंधरा दिवसांचं काम महिन्यावर जातं. उत्पन्न खरं तेच लावा. वडील नोकरीला असतील तर पगाराचा पुरावा जोडा, पगार वेगळा आणि दाखला वेगळा निघाला तर पुढे वसुली होऊ शकते.

जातीचा दाखला जवळ असतोच, पण व्यावसायिक कोर्सला जात वैधता प्रमाणपत्र म्हणजे व्हॅलिडिटी लागते आणि तिला वेळ लागतो. बारावीला काढलेली असेल तर तीच चालते. नसेल तर डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच जात पडताळणी समितीकडे अर्ज टाका, वडिलांच्या, आजोबांच्या शाळेच्या नोंदी गोळा करायला गावाला चकरा होतात. घरात सख्ख्या भावाबहिणीची किंवा वडिलांची, चुलत्याची व्हॅलिडिटी झालेली असेल तर काम बरंच हलकं होतं.

बाकी डोमिसाईल, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीपासूनच्या मार्कशीट, ॲडमिशनची पावती, कॅपचं अलॉटमेंट लेटर, रेशनकार्ड. मध्ये वर्ष दोन वर्ष गॅप असेल (एमपीएससीच्या तयारीत बऱ्याच जणांचा असतो) तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला. लग्न झालेल्या मुलींनी माहेरचं नाव, सासरचं नाव हा विषय आधीच सोडवावा, मार्कशीटवर एक आणि आधारवर दुसरं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद हाताशी ठेवा.

नावाचं मी इतकं का सांगतोय तर पोर्टल माणसासारखं समजून घेत नाही. आधारवर "ज्ञानेश्वर", मार्कशीटवर इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, बँकेत वडिलांचं नाव मधलं गाळलेलं, अशा एका फरकासाठी मुलं दोन दोन महिने लटकतात. सगळी कागदं टेबलावर पसरा, नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव ओळीने जुळवून बघा आणि दुरुस्ती आधारमध्ये करून घ्या, ते सगळ्यात लवकर होतं.

बँक खातं आणि आधार सीडिंग

हा भाग दोनदा वाचा. शिष्यवृत्ती तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात येत नाही, आधारला जे खातं शेवटचं सीड झालंय (म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला, डीबीटीला, जोडलं गेलंय) त्यात येते. एक पोरगा महिनोन् महिने म्हणत होता पैसे आलेच नाहीत, पोर्टलवर तर रक्कम वितरित दाखवतंय. मग मायआधारच्या साइटवर जाऊन बँक सीडिंग स्टेटस बघितलं तर आधारला गावाकडच्या बँकेतलं जुनं जनधन खातं लागलेलं, जे त्याच्या आईने तो अकरावीत असताना उघडून दिलं होतं. पैसे तिथे आलेले, पण खातं बरेच दिवस व्यवहार नसल्यामुळे बंद स्थितीत. केवायसी करून ते चालू करायला त्याला परीक्षेच्या आठवड्यात गावी जावं लागलं.

तेव्हा ॲडमिशन झाल्या झाल्या मोबाईलवर मायआधार उघडा, ओटीपी टाका, बँक सीडिंग स्टेटस बघा. बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह असं दिसलं पाहिजे. हवी ती बँक नसेल तर त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म भरून द्या. बँकेत "आधार लिंक आहे" म्हणतील, पण केवायसीला आधार दिलेलं असणं आणि डीबीटीला सीड असणं हे वेगळं, काउंटरवर हे स्पष्ट सांगा. आणि एकदा नीट झालं की वर्षभर दुसरीकडे नवीन खातं उघडून तिथे आधार डीबीटीला जोडू नका. आधारला मोबाईल नंबर चालू असलेला हवा, ओटीपी त्यावरच येतो.

महाडीबीटीचा फॉर्म

आधारने रजिस्टर करा, युजरनेम पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा. कॅफेवाल्याला त्याचा नंबर आणि त्याचा ईमेल टाकू देऊ नका, पुढच्या वर्षी लॉगिन मिळवायला त्रास होतो. प्रोफाइलमध्ये वैयक्तिक माहिती, पत्ता, आईवडिलांची माहिती, चालू कोर्स, आधीचं शिक्षण, हॉस्टेल असे भाग असतात. चालू कोर्समध्ये कॉलेज, कोर्स आणि वर्ष निवडताना सावकाश, एकाच कॉलेजच्या नावाखाली अनुदानित आणि विनाअनुदानित अशा वेगळ्या नोंदी असू शकतात, नेमकी कोणती ते कॉलेजमध्ये विचारून घ्या. भाड्याने राहत असाल तर हॉस्टेलच्या भागात ते खरं तसंच भरा. प्रोफाइल पूर्ण झालं की तुम्ही पात्र असलेल्या योजना पोर्टल स्वतः दाखवतं. तुमची योजना दिसत नसेल तर प्रोफाइलमध्ये कुठेतरी प्रवर्ग, उत्पन्न किंवा कोर्स चुकलाय असं समजा आणि परत बघा. चुकीच्या योजनेला अर्ज ठोकून देऊ नका.

स्कॅन सरळ आणि वाचता येईल असा, मूळ कागदाचा. सबमिट केल्यावर अर्जाचा आयडी आणि पीडीएफ ठेवा, प्रिंट आणि कागदांच्या झेरॉक्स कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात द्या आणि पोच घ्या.

सबमिट केल्यानंतर

अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे जातो. कुठे अडकलाय ते स्टेटसमध्ये दिसतं. त्रुटी काढून परत पाठवला तर मेसेज येतो, पण मेसेजवर विसंबू नका, आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघा. परत आलेला अर्ज ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करून पाठवला नाही तर वर्ष गेलं. कॉलेजच्या लॉगिनलाच पडून असेल तर स्कॉलरशिपच्या मॅडमना किंवा सरांना शांतपणे जाऊन भेटा, त्यांच्याकडे शेकडो अर्ज असतात, आयडी लिहिलेली चिठ्ठी दिली तर काम होतं. मंजूर झाल्यावर रिडीमचं (रक्कम खात्यात मागवायचं) बटण दिसलं तर ते दाबायचं राहू देऊ नका.

एससी शिष्यवृत्तीत केंद्राच्या वाट्याची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि त्यात कॉलेजची फी पण असते. अचानक खात्यात मोठी रक्कम दिसली की घरी खत, बियाणं, दवाखाना असं काहीतरी निघतंच, ते समजू शकतो, पण त्यातली फी कॉलेजला भरून पावती घ्या, नाहीतर शेवटी मार्कशीट घ्यायच्या वेळी थकबाकी समोर येते.

ॲडमिशनला शिष्यवृत्तीच्या मुलाकडे पूर्ण फी मागितली तर घाबरून सावकाराकडे जाऊ नका. पात्र विद्यार्थ्यांकडून शिक्षण शुल्क आधी वसूल करू नये असे शासनाचे आदेश आहेत. लेखी अर्ज द्या, "मी अमुक योजनेला पात्र आहे, शुल्क शिष्यवृत्तीतून जमा होईल", पोच घ्या. ऐकलं नाही तर समाज कल्याण सहायक आयुक्तांचं कार्यालय, एसटी असाल तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. तिथेही उत्तर मिळेना, अर्ज महिनोन् महिने पेंडिंग, तर माहितीचा अधिकार आहे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्जाचा आयडी देऊन विचारा की हा अर्ज कोणत्या टेबलावर कधीपासून आहे. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हा तुमच्या हक्काचा पैसा आहे, मागताना मान खाली घालायचं काही कारण नाही.

पैसे येईपर्यंत

रक्कम उशिरा येते, स्वाधारचे तर हप्ते वर्ष संपत आल्यावर पण येतात, हे गृहीत धरूनच निघा. पहिल्या सहा महिन्यांच्या मेसची सोय वेगळी लागते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि संलग्न कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची कमवा व शिका योजना आहे, लायब्ररी, ऑफिस, बाग असं काम असतं, तासावर पैसे मिळतात, पहिल्याच आठवड्यात नाव द्या. पुण्यात ग्रामीण भागातल्या गरजू मुलांसाठी विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहं आहेत, १९५५ पासून हे काम चालू आहे, त्यांच्या प्रवेशाची चौकशी लवकर करा. कर्ज घ्यायचीच वेळ आली तर आधी पीएम विद्यालक्ष्मी ही केंद्राची शैक्षणिक कर्ज योजना बघा, निवडक संस्थांमध्ये ॲडमिशन असेल तर तारण लागत नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना व्याजात ३ टक्के सवलत आहे.

दुसऱ्या वर्षाला

रिन्यूअल आपोआप होत नाही, पुन्हा अर्ज करायचा असतो. पहिल्या वर्षाचा निकाल, नवीन उत्पन्नाचा दाखला मुदतीतला, हजेरीचं पत्र. निकाल उशिरा लागला तर विभागप्रमुखांकडून तसं पत्र घेऊन ठेवा. आणि सीडिंग स्टेटस परत एकदा बघा, मधल्या काळात एखाद्या बँकेच्या मेळाव्यात किंवा कॉलेजच्या कॅम्पमध्ये झिरो बॅलन्स खातं उघडून अंगठा दिला असेल तर आधार तिकडे गेलेलं असू शकतं.